घारापुरीच्या आयांकडेही बघ

चौल, ता. अलिबाग

चि. छोटी,


तुझा फोटो मिळाला. चष्मा लावून, मोठा करून, पुन्हा पुन्हा पाहिला. तीन बायका शेजारी शेजारी बसलेल्या, अंगभर वस्त्रं, मांडीवर फळं, हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. खाली लॅटिन अक्षरं. तू सोबत लिहिलंस की हा दगड पूर्वी ल्यों शहरातल्या ऐने चर्चच्या दर्शनी भिंतीत बसवलेला होता, आणि या गॉल देशातल्या रोमन काळच्या 'मात्रेस', म्हणजे आया. आणि पुढे लिहिलंस, 'मावशी, अगदी आपल्या मातृका वाटतात गं.'

तुझ्या त्या एका ओळीसाठी हे लांबलचक पत्र. छापायला देते आहे, कारण उरण-अलिबागच्या आणखी चार मुलींनी ते वाचावं असं मला वाटतं.

तू शाळेच्या सहलीला घारापुरीला गेली होतीस. परत आल्यावर तीन तोंडांच्या शंकराचं केवढं कौतुक सांगितलं होतंस! ते खरंच आहे. साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचा तो सदाशिव पाहून माणूस गप्प होतो. पण तुला तिथल्या आया कुणी दाखवल्या नाहीत. बहुतेकांना दाखवत नाहीतच. मुंबईहून लाँच येते, पायऱ्या चढून माणसं वर जातात, मुख्य दालनात शिरतात, अर्धनारी, गंगाधर, नटेश बघतात, फोटो काढतात आणि माकडांपासून पिशव्या सांभाळत खाली उतरतात. पूर्वेकडच्या दाराने बाहेरच्या अंगणात उतरणारे थोडे. त्या अंगणात एक वेगळा लिंगगाभारा आहे, पायऱ्यांच्या दोन बाजूंना सिंह आहेत. गाभाऱ्याकडे तोंड करून उभी राहिलीस की उजव्या हाताला एक लहानसं दालन लागतं. त्यात त्या बसल्या आहेत. एका अंगाला गणेश, दुसऱ्या अंगाला कार्तिकेय, मध्ये आयांची रांग. अभ्यासक त्यांना अष्टमातृका म्हणतात.

हे दालन मला मुख्य लेण्याइतकंच मोलाचं वाटतं. म्हणून तुला नीट सांगते.

मूर्ती फार तुटल्या आहेत. चेहरे गेले, हात गेले, काहींची फक्त बसण्याची ढब उरली आहे. कोणती कोण हे ओळखायची खूण म्हणजे त्यांच्याजवळचे ध्वज. काठीच्या टोकावर त्या त्या देवीचं वाहन कोरलेलं. सहाव्या शतकातला वराहमिहीर बृहत्संहितेत सांगतो की मातृकांना ज्या देवाचं नाव आहे त्याच देवाची चिन्हं द्यावीत. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा. घारापुरीचं लेणंही त्याच शतकाच्या मध्याच्या सुमाराचं, कलचुरींच्या काळातलं मानतात. म्हणजे ग्रंथ आणि छिन्नी एकाच काळात चालली होती. देवाचं नाव, देवाचं वाहन, देवाचं आयुध असं सगळं देऊन या बायकांना देवळात घेतलं गेलं. मला वाटतं, त्याआधी त्या बाहेर होत्या. झाडाखाली, पाणवठ्यावर, गावाच्या शिवेवर. नावं नसलेल्या, संख्या ठरलेली नसलेल्या.

महाभारताच्या वनपर्वात त्यांची जुनी ओळख आहे आणि ती गोड नाही. नवजात स्कंदाला मारायला इंद्राने लोकमातांना पाठवलं. त्या गेल्या, पोराला पाहिलं आणि त्यांना पान्हा फुटला. मारायला आलेल्या बायका म्हणाल्या, आम्हीच तुझ्या आया. आणि तरी पुढे त्याच कथेत या आयांच्या गणाला मुलं वयाची सोळा वर्षं पूर्ण करीपर्यंत त्यांना धरण्याची, पीडा देण्याची मोकळीक मिळते. घारापुरीच्या त्या रांगेच्या टोकाला कार्तिकेय का, हे या कथेनंतर वेगळं सांगायला नको. आपल्या आयांच्या हातात देणं आणि घेणं दोन्ही आहे. ज्या काळात घराघरातून जन्मलेल्या पोरांपैकी कितीतरी पोरं पाचव्या वर्षापर्यंत पोचत नव्हती, त्या काळच्या बाईने आणखी कशी आई कल्पायची?

राजेही या आयांचं नाव घेत. बदामीचे चालुक्य आपल्या ताम्रपटांत अभिमानाने सांगत की सप्तमातृकांनी आमचं पोषण केलं. आणि याच चालुक्यांच्या दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांची 'पुरी' गलबतांचा तांडा घेऊन जिंकली, असं 634 सालच्या ऐहोळे लेखात आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी की मुरूडजवळची राजपुरी, यावर वाद आहे. दोन्ही आपल्याच किनाऱ्यावर.

आता तुझ्या ल्योंकडे येते. तू विचारलंस, इतकं साम्य कसं, इथून तिथे काही गेलं का?

जाणं-येणं होतं, यात शंका नाही. मी हे पत्र जिथे बसून लिहिते आहे ते चौल ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये सेमिल्ला म्हणून येतं, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी इथे उत्खनन केलं, त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या अंफोरांची, म्हणजे द्राक्षारसाच्या कुंभांची, खापरं निघाली. घारापुरीच्या किनाऱ्यावरही तशी खापरं मिळाली आहेत. आपली माणसं रोमचा द्राक्षारस ओळखत होती. उलट दिशेने, 1938 साली पाँपेईत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, तिचं नातं तज्ज्ञ भोकरदन आणि तेरच्या कामाशी जोडतात. तेरला तर पांढऱ्या मातीच्या, पुढचा-मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या बाहुल्या मिळतात. आणि नेमक्या पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांतल्याच मूर्ती तुमच्या फ्रान्सात आल्ये नदीच्या खोऱ्यात पहिल्या-दुसऱ्या शतकात ढिगांनी बनत होत्या. वेताच्या खुर्चीत बसून एका किंवा दोन बाळांना पाजणारी आई. घरांत, झऱ्यांपाशी, पोरांच्या थडग्यांत त्या सापडतात. कुणा गरीब बाईलाही परवडाव्यात अशा त्या होत्या.

साच्याची युक्ती प्रवास करते. शिंगाचं चिन्हही करतं. तुझ्या फोटोतलं ते भरलेलं शिंग भूमध्य समुद्राकाठचं, तिथून ते पश्चिमेला गॉलच्या आयांच्या हातात गेलं आणि पूर्वेला गांधारात हारीतीच्या हातात. हारीती म्हणजे लोकांची पोरं खाणारी यक्षी, बुद्धाने तिला वळवलं आणि ती पोरांची राखणदार झाली. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात ती मांडीवर मूल घेऊन बसली आहे, पायाशी पोरांची शाळा भरली आहे. इथेही तेच: आधी खाणारी, मग राखणारी.

पण साचा आला म्हणून श्रद्धा आली असं मी मानत नाही. गॉलच्या बायकांना आया मानायला चौलहून कुणी शिकवलं नाही आणि घारापुरीला ल्योंहून. लेकरू ज्याला त्याला आपलंच असतं.

मला त्या साम्यापेक्षा एक फरक जास्त बोलावतो. तुझ्या दगडाखाली अक्षरं आहेत. ती वाचणारे सांगतात की आयांना तो दगड वाहणारा माणूस वैद्य होता. एक वैद्य! ज्याच्या हातून किती बाळंतिणी गेल्या असतील, किती वाचल्या असतील. त्या मूर्तीकडे आपण आता त्याच्या बाजूने बघू शकतो. ऱ्हाइन नदीकाठी बॉनच्या मोठ्या चर्चखाली असे दगड रांगेने निघाले, ते वाहणारे सैनिक, अंमलदार, त्यांच्या बायका. एकावर तर 164 हे सालही निघतं. या भागात हजाराच्या वर लेख मिळाले आहेत. शेवटी बहुधा ठरलेली चार अक्षरं: नवस केला होता, तो आनंदाने, मान राखून फेडला. बॉनच्या त्या तिघींत मधली मोकळ्या केसांची कुमारिका असते आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर मोठाली गोल टोपरी घातलेल्या लग्न झालेल्या बायका. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचं बोडण आठवलं, चार सवाष्णी आणि एक कुमारिका.

आणि हॉलंडची नेहालेनिया! ती तू जाऊन पाहायलाच हवीस. मांडीवर फळांची टोपली, पायाशी कुत्रा, कधी एक पाय गलबताच्या नाळेवर. 1647 साली वादळाने डोम्बुर्गची वाळू उडाली आणि तिचं पहिलं ठाणं उघडं पडलं. दुसरं 1970 साली एका मासेमाऱ्याच्या जाळ्यात आलं. मासळीच्या जागी कोरीव दगड. मग समुद्राच्या तळातून शंभरावर वेद्या निघाल्या. त्यांवर नावं कुणाची? ब्रिटनशी व्यापार करणाऱ्यांची. मिठाचा व्यापारी, माशाच्या आंबवणाचा व्यापारी, मडक्यांचा व्यापारी. माल सुखरूप पोचला म्हणून आईला दगड. उरण-पेणच्या मिठागरांत आणि रेवस-थळच्या सुक्या मासळीच्या वासात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटेल का?

पण बघ, त्यांच्याकडे नावं आहेत आणि पूजा नाही. नेहालेनियापुढे काय म्हणत, हात कसे जोडत, बाळंतपणाच्या कितव्या दिवशी आयांकडे जात, हे सांगायला तिथे एकही बाई उरलेली नाही. शातियों-स्यूर-सेनच्या संग्रहालयात व्हेर्तोहून आलेला एक दगड आहे. तीन आया, एकीच्या मांडीवर बाळ, दुसरीच्या हातात दुपटं म्हणावं असं कापड, तिसरीजवळ बाळाला पुसायचा स्पंज आणि भांडं. आंघोळ, पुसणं, गुंडाळणं. पंडितांनी त्या कापडावरही वाद घातला आहे. तुझ्या आजीने तो दगड पाहिला असता तर क्षणात सांगितलं असतं की कोण काय करते आहे.

आणि आपल्याकडे उलट. पूजा आहे, नावं नाहीत. घारापुरीच्या त्या दालनात कुणी नवस केला, कुणाचा फळला, कोणती कोळीण की कोणती राणी तिथे आली, एक अक्षर नाही. आणि असं नाही की या किनाऱ्याला लिहिणं ठाऊक नव्हतं. राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला, मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. बौद्ध लेणी, घारापुरीच्या कितीतरी आधीची. तिथेही दान देणारा एक वैद्य आहे, बघ हा योग! त्याचं नाव सोमदेव, वैद्य इसिरखिताचा मुलगा. लेण्याच्या दानात त्याने आपल्या मुलांची नावं घातली: नाग, इसिरखित, सिवघोस. आणि मुलींचीही: इसिपालिता, पुसा, धम्मा, सपा. चार मुली! हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मी ती चार नावं मोठ्याने म्हणून पाहिली होती. रायगडच्या किनाऱ्यावरच्या चार लेकी, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या.

हेच सोमदेवाचं कुटुंब आजारी पोराला घेऊन पाणवठ्यावरच्या आयांकडे जात नसेल, असं मला म्हणवत नाही. पण ते दान दगडावर लिहायचं नसतं. बुद्धाला लेणं दिलं की लेख कोरायचा. आईला नारळ फोडायचा, खण-बांगडी ठेवायची आणि मागे वळून न बघता घरी यायचं. त्यामुळे एका श्रद्धेचा पुरावा संग्रहालयात गेला आणि दुसरीचा बायकांच्या हातात राहिला. पुरातत्त्वाच्या लोकांनी या दुसऱ्या पुराव्याला फार काळ पुरावाच मानलं नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मानलं. पुण्याच्या आसपास पायी हिंडून त्यांनी शेंदूर लावलेल्या आयांच्या जागा नोंदल्या, त्या जागा जुन्या वाटांच्या तिठ्यांवर येतात हे दाखवलं. 1962 च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त ते आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त हेच काम ग्रंथ, मूर्ती आणि लोकाचार एकत्र मांडून केलं. ते पुस्तक मी तुला पाठवते आहे. तिथे बसून ते वाच, तुझे फ्रेंच प्राध्यापकही थोडे वेगळे दिसायला लागतील.

आता एक सावधगिरी, कारण तू अजून तरुण आहेस आणि तरुणपणी सगळं एकच वाटायला लागतं. इनामगावच्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची, कच्च्या मातीची, डोकं नसलेली एक स्त्रीमूर्ती निघाली. मातीच्या डबीत जपून ठेवलेली, सोबत बैल. तेर-भोकरदनला लज्जागौरी निघतात, डोक्याच्या जागी कमळ. ह. धी. सांकलियांनी 1960 मध्ये त्यांची तुलना थेट इजिप्तकडच्या बाऊबो नावाच्या नग्न स्त्रीमूर्तींशी केली. मग कुणीतरी म्हणतं की इनामगाव, तेर, घारापुरी, ल्यों ही सगळी एकाच आदिमातेची रूपं. मला हे पटत नाही. गॉलच्या आयांची नावं बघ: बहुतेक त्या त्या नदीची, गावाची, टोळीची. आपल्या तरी कुठे एक आहेत? वाडीवाडीला वेगळी, आणि शेजारच्या वाडीच्या आईला आपली म्हणायची कुणाची तयारी नसते. 'एकच माता' हे लांबून बघणाऱ्याला दिसतं. जवळच्या बाईला तिच्या विहिरीवरची आई हवी असते. आणि ती एकटीही नसते. तिकडे तीन, इकडे सात, आठ. बाळंतपणाच्या खोलीत कधी एकच बाई असते का?

सातवरून साती आसरा. आपल्या वाडीतल्या विहिरीपाशी ते सात दगड आहेत ना, शेंदराने एकजीव झालेले, तिथे कधी थांबून बघितलंस का? बाजूला थोडा वेगळा ठेवलेला आठवा दगड असतो, तो त्यांचा राखणदार भाऊ. घारापुरीच्या दालनात टोकाला गणेश आणि कार्तिकेय, आणि आपल्या विहिरीवर हा भाऊ. मांडणी तीच. कोणी कोणाची उचलली हे मी सांगणार नाही, पण ज्याने घारापुरीचं दालन आखलं त्याने अशी एखादी विहीर पाहिलेली होती, असं माझं मन म्हणतं. तिथे दहीभात जातो, हिरव्या बांगड्या जातात. पाण्याशी अवेळी पोर जाऊ नये म्हणून त्यांचं भयही घालतात. तेही आईचंच काम.

आणि सटवाई. तुझ्या जन्मानंतर याच घरात पाटा-वरवंटा मांडून पूजा झाली. शेजारी कोरा कागद, लेखणी, रात्रभर दिवा. मूर्ती नाही, नाव कोरलेलं नाही, सकाळी वरवंटा पुन्हा चटणीला. उद्या कुणी उत्खनन केलं तर त्यांना पाटा-वरवंटा मिळेल आणि ते लिहितील, स्वयंपाकाचं साधन. त्या रात्री तो देव होता हे मातीतून कसं कळणार? आल्ये खोऱ्यातल्या मूर्ती कुणाच्या घरात, कोणत्या रात्री, कुठे ठेवल्या जात हेही असंच निसटलं असेल.

आता तर वरवंटेच घरातून गेले. बाळंतपणं पनवेल-अलिबागच्या दवाखान्यांत होतात, आणि फार चांगलं झालं ते. पोरं जगतात, बायका जगतात. पण पाचवीला काय मांडायचं, कोणती ओवी म्हणायची, साती आसरांचा भात कोणत्या दिशेला ठेवायचा, हे विचारायला आता सुना येत नाहीत, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांची वयं ऐंशीच्या पुढे आहेत. विहिरी बुजतात, रस्ता रुंद होतो, ते सात दगड कुठल्या तरी नव्या सिमेंटच्या देवळीत जातात आणि त्यांच्या मागे संगमरवरी मूर्ती बसते. त्यात श्रद्धा कमी होत नाही, पण मांडणी पुसली जाते, आणि ती कुठेच लिहिलेली नाही.

म्हणून तुझ्या प्रबंधाविषयी माझी एक मागणी आहे. ल्योंच्या आयांवर तू लिहिणार आहेस, जरूर लिही. पण त्यात एक भाग आपल्या किनाऱ्याचा घाल. तुझ्या त्या लॅटिन लेखांतल्या नवसाला इथल्या नवसाशेजारी ठेव. इथली बाई काय वाहते, कधी वाहते, कुणासाठी, फळलं नाही तर काय म्हणते, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. फ्रेंच अभ्यासकाला जे दोन हजार वर्षं उशीर झाल्यामुळे विचारता येत नाही, ते तुला अजून विचारता येतं. एवढा एक अधिकार तुझ्याकडे आहे, जो तिथल्या कुणाकडे नाही. आणि बायका तुला सांगतील, कारण तू इथली लेक आहेस. वही काढून खुर्चीवर बसलीस तर मात्र नाही सांगणार. जमिनीवर बस, आधी भाजी निवडायला घे.

डिसेंबरात येशील तेव्हा असं ठरवू. पहिला आठवडा वाडीत, विहिरीवर आणि आजीच्या मैत्रिणींकडे. आजीची नजर आता अधू झाली आहे पण ओव्या तोंडपाठ आहेत, फक्त दुपारी झोपते, तेव्हा सकाळी बसायचं. मग एक दिवस कुड्याला, वैद्य सोमदेवाकडे. घारापुरी शेवटी, सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळायचा. मुख्य दालनात थांबायचं नाही, थेट पूर्वेच्या अंगणात. एकेका ध्वजाचं रेखाटन करू, कोणतं वाहन कुठे उरलं आहे ते नोंदवू, मांडीवर मूल असल्याच्या खुणा किती जणींजवळ दिसतात ते तपासू. मोजपट्टी, विजेरी आणि मऊ शिसपेन्सिली तू आण; चुना-खडूने दगडाला काही लावायचं नाही. डबा मी करते.

व्हेर्तोच्या त्या दगडाचा चांगला मोठा फोटो मिळाला तर छापून आण. आजीला जवळून दाखवू, आणि तिसरीच्या हातात काय आहे ते ती काय म्हणते ते लिहून घेऊ.

तुझी,
मावशी